परवानामुक्ती समिती

त्यागाशिवाय स्वातंत्र्य मिळत नाही, असं खांबेटेसाहेबांनी समितीच्या अकराव्या बैठकीत गंभीरपणे सांगितलं आणि दुसरा समोसा उचलला. प्रोग्रॅम लिहायचं परवान्याचं महागडं सॉफ्टवेअर काढून कंपनीत फुकटातलं आणायचं, हा त्यांचा ध्यास होता. एकाचं जरी काम अडलं तर राजीनामा देईन, असं त्यांनी मालकांना लिहूनच दिलं होतं.

खंडेनवमीला कॉम्प्युटरांना झेंडू वाहिले, नारळ फुटला, पेढा खाऊन सगळे कामाला लागले. साहेबांनी जुना परवाना बंद केला आणि बोंब उठायची वाट पाहिली. कीबोर्डांचा खडखडाट तसाच चालू राहिला.

साहेबांना घाम फुटला. ते सर्वांत जुन्या प्रोग्रॅमर तुंगारे मॅडमच्या टेबलाशी गेले.

"मॅडम, कुणाचं काहीच अडलं नाही?"

"काय अडायचंय, सर? आम्ही चार वर्षं फुकटातलंच वापरतोय."

साहेब मटकन खुर्चीत बसले. "मला कुणी बोललं नाही ते."

"बोलणार होतो. तेवढ्यात तुम्ही समिती नेमलीत. म्हटलं, रमलेत तर रमू दे."

"मग इतकी वर्षं ते जुनं वापरत कोण होतं?"

मॅडमनी वापरणाऱ्यांची यादी उघडून स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. चार वर्षांच्या यादीत एकच नाव होतं, खांबेट्यांचं.

परवाना चालू आहे ना, हे बघायला ते दर सोमवारी सॉफ्टवेअर उघडून बंद करत असत.