गाळलेले तास

विमान उतरवण्याआधी ऋजुताने खुर्चीचा पट्टा दोनदा ओढून पाहिला. ही सवय केळुसकरांची. त्यांच्या वीस हजार तासांच्या उड्डाणांच्या आठवणी मेंदूत भरून घेतल्यामुळे ती सत्ताविसाव्या वर्षीच कॅप्टन झाली होती आणि साठीला टेकलेले केळुसकर तिचे सहवैमानिक.

समोर नुसतं धुकं होतं. धावपट्टी दिसेना.

"मॅडम, उतरू नका. विमान वर घ्या, फिरून येऊ," केळुसकर म्हणाले.

"सर, उभ्या जन्मात तुम्ही असे कधी मागे फिरला नाहीत. मला सगळं आठवतंय."

"अकरा वेळा फिरलोय. कंपनीने गुणवत्ता बघून आठवणी निवडल्या. ते अकरा प्रसंग अपयश म्हणून गाळले."

ऋजुताचे हात थबकले.

"सर, मग मला ते येतच नाही," ती म्हणाली. "विमान तुम्ही घ्या."