अबोल्यातला जंतू

मैंदर्गी गावात दिलेल्या आपल्या बहिणीची शेंगाचटणी जास्त चांगली असते, असं मानसिंगअण्णा दिवाळीत बोलून गेले आणि तेव्हापासून सोजरबाईंनी नवऱ्याशी अबोला धरला. आता अण्णांच्या छातीत जळजळ सुरू झाली. तपासणीत पोटात जंतू निघाला.

"हा तोंडातही दडून बसतो," डॉक्टर म्हणाले. "उष्ट्यातून पसरू शकतो. यांच्या ताटात कोण जेवतं?"

"कुणीच नाही," सून अपेक्षा म्हणाली. "सासूबाई तर त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत."

तरी डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना तपासलं. जंतू निघाला तो फक्त सोजरबाईंच्या पोटात.

अपेक्षा सासूकडे बघतच राहिली.

"दुपारी तू हापिसात असतीस," सोजरबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "एका ताटात भाकरी मोडायला बोलावं कशाला लागतंय?"

डॉक्टरांनी दोघांनाही गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "औषध संपेपर्यंत ताटं वेगळी."

अण्णांचा चेहरा पडला. सोजरबाई इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळल्या.

"मग आता बोलावंच लागंल की ओ तुमच्यासंगं."