काठोकाठ चहा

"शॉकअप? माझ्या रस्त्यावर?"

बाबा सायकलच्या दुकानात शिरले तेच मुळी भांडायच्या तयारीनं. "अरे, हा समोरचा रस्ता मी दाबलाय. स्वतः रोलरवर बसून. आता त्यावर शॉकअपची सायकल चालवायची म्हणजे माझ्या कामाला नावं ठेवायची!"

लेकीनं दुकानदाराकडे बघून हळूच डोळा मिचकावला. रोड रोलर सोडून बाबांना बरीच वर्षं झाली होती, पण आसपासचा प्रत्येक रस्ता त्यांच्या मते अजून त्यांचाच होता. पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून मात्र त्यांनी घर सोडलं नव्हतं. आज आले तेही दुकान शेजारीच होतं म्हणून. तिकडे पुलाजवळच्या बाकावर त्यांचे तीन दोस्त रोज पत्ते पिसायचे आणि चौथा भिडू नाही म्हणून आपसात भांडून उठायचे. लेकीनं ठरवलं होतं, बाबांना सायकलवर मागं बसवून तिथं न्यायचंच. धास्ती एकच होती. पहिल्याच फेरीत पाठीत कळ आली, तर बाबा पुन्हा म्हणून उंबरठा ओलांडणार नाहीत. हट्ट काय चीज असते ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा स्वतःचा त्यांच्याकडूनच आला होता.

"ताई, ही न्या," दुकानदार एका लाल सायकलवर थाप मारत म्हणाला. "पुढच्या चिमट्यात शॉकअप. लोणी आहे लोणी!"

लेक एकटीच एक फेरी मारून आली. हाताला दणका म्हणून बसला नाही. ती खूश. "हीच घेऊ!"

"एवढ्यात नाही," बाबा म्हणाले. दुकानदारानं स्वतःसाठी थर्मासमधून चहा ओतायला घेतला होता. "तो कप दे इकडे. काठोकाठ भर."

"काका, आधी निवांत बसा, मग प्या की."

"प्यायचाय कोणाला? रस्ता झाला की मी रोलरवर भरलेला कप ठेवून फेरी मारायचो. सांडला तर पुन्हा दाबायचा, नाही सांडला तर रस्ता पास. साहेबांची सही त्यानंतर."

कॅरियरवर गादीची सीट होती. बाबा कप हातात धरून तिथं बसले आणि सायकल निघाली. थोडं अंतर अगदी मजेत गेलं. पण न्हाव्याच्या दुकानाच्या अलीकडे असा काही दणका बसला, की अर्धा चहा लेकीच्या पाठीवर!

"आई गं!" दोघंही एकदम ओरडले. ती चहामुळे, ते पाठीमुळे.

सायकल थांबली. लेकीला वाटलं, संपलं सगळं, आता म्हणतील घरी चल.

"पोळलं का गं?" बाबांनी विचारलं.

"नाही हो. तुमची पाठ?"

"पाठीचं सोड. हा तुकडा माझा नाही, सांगून ठेवतो. तू झालीस तेव्हा मी रजेवर होतो. त्या आठवड्यात भलत्यानंच दाबला."

"म्हणजे खड्डा माझ्यामुळे?"

"मग कोणामुळे? चल घरी."

पण घराआधी दुकान लागलं. दुकानदार तिची भिजलेली पाठ बघून डोकं खाजवू लागला. "ताई, मागं कोणी बसणार हे मी विचारलंच नाही. पुढचा शॉकअप चालवणाऱ्याच्या हातांसाठी. मागच्याला मागचा लागतो."

लेकीला फार लाज वाटली. सायकल घ्यायची होती बाबांसाठी, आणि ती बसली होती स्वतःच्या हातांना विचारत.

दुकानदारानं आतून दुसरी सायकल काढली. मागच्या चाकाला शॉकअप, टायर चांगले गुबगुबीत. बाबांना मागं बसवून तो स्प्रिंग पिळू लागला. बाबा तोंड फिरवून बसले होते, पण यंत्र बघून किती वेळ गप्प राहणार?

"फार कडक केलीस. अर्धा फेरा सैल कर," ते म्हणाले. "आणि मला नकोय हं हे. उगाच आपलं सांगतोय."

"बरं काका," दुकानदार म्हणाला आणि त्यानं कप पुन्हा काठोकाठ भरला.

न्हाव्याचं दुकान जवळ आलं तशी लेक दात आवळून बसली. तो तुकडा आला. सायकल जराशी दबली, हळूच वर आली. पाठीवर चहाचा थेंबही पडला नाही.

"बाबा?"

"हं."

"दुखलं?"

"गप चालव."

न्हाव्याच्या दारात तिनं परत फिरायला हँडल वळवलं.

"वळतेस कुठे? सरळ चल, पुलाकडे. ते तिघं माझ्याशिवाय लुटूपुटूचे खेळत असतील."

"अहो, सायकल अजून दुकानदाराची आहे!"

"कपही त्याचाच आहे. चल."

लेक खो खो हसत सुटली आणि तिनं जोरात पायडल मारलं. लांब मागं दुकानदार दोन्ही हात हलवत "अहो काका! अहो ताई!" करत रस्त्यावर आला होता. बाबांनी मान न वळवता कप डोक्यावर उंच धरला आणि ते ओरडले, "पास! रस्ता पास!"