वकीलसाहेबांचं गाजलेलं भाषण

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचे नामांकित वकील लायसँडर टटल विधिमंडळात निवडून आले आणि त्यांची भाषणं लिहायचं काम आपसूक त्यांच्या बायकोकडे, थर्झाकडे आलं. कोर्टातले युक्तिवादही तीच लिहायची. वकीलसाहेबांचा आवाज मात्र खणखणीत होता.

एके दिवशी ते चाचरत म्हणाले, "थर्झा, बायकांना मताचा हक्क देऊ नये, यावर एक दणदणीत भाषण हवं होतं गं."

"किती दणदणीत?"

"समोरच्यांची बोलती बंद झाली पाहिजे."

थर्झाने मन लावून लिहिलं. "बायकांना राजकारणातलं ओ की ठो कळत नाही!" असं वकीलसाहेब गरजले, तेव्हा सभागृहाने बाकं बडवली. वर सज्जात थर्झा शांतपणे मोजा विणत होती.

मग एक म्हातारा सदस्य उठला. "विधवेकडून शेतसारा घेता, मग तिचं मत का नको?"

वकीलसाहेबांनी हातातले कागद उलटसुलट केले; याचं उत्तर त्यात लिहिलेलं नव्हतं. सवयीने त्यांची नजर सज्जाकडे गेली, आणि पाठोपाठ अख्ख्या सभागृहाची.



थर्झाने विणकाम बाजूला ठेवलं. "उत्तर आहे हो माझ्याकडे, पण आधी आमच्या मताचं काय ते ठरवा!"