समोरची खुर्ची

दार उघडंच होतं आणि आतून वहिनीच्या हसण्याचा आवाज येत होता. तो ऐकूनच नट उंबऱ्यात थबकला. मालिका सुरू झाली होती.

एरवी तो मालिका लागायच्या आधीच येऊन बसायचा. दादाच्या खाटेसमोर खुर्ची ओढायची, दौऱ्यांवरचे जुने किस्से काढायचे आणि टीव्हीचा रिमोट सहज म्हणून हातात धरून ठेवायचा. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची की एवढं नाव झालं, पण भाऊजी रोज संध्याकाळी भावाजवळ येऊन बसतात. आज मात्र खाली जिन्यापाशी चार माणसांनी त्याला गाठलं आणि मालिकेतला तो चहा पिऊन दाखवा म्हणून गळ घातली. अख्खं आयुष्य डॉक्टर, जज, मुलीचा बाप आणि तिसऱ्या प्रवेशात मरणारा शेजारी होण्यात गेलेलं. नाटक झालं, सिनेमा झाला, मालिका झाल्या, चेहरा सगळ्यांना माहीत आणि नाव कुणाच्या तोंडी नाही. आता कुठे लोक वाट अडवू लागले होते. गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला. रिकाम्या हातांनी त्याने चहा पिऊन दाखवला, आग्रह झाला म्हणून पुन्हा दाखवला, आणि उशीर झाला.

"या भाऊजी, तुमचंच चाललंय," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "शेजारच्या म्हणाल्या, तुम्ही घरचे असून बघत नाही म्हणजे काय. म्हणून आज मुद्दाम लावलं."

पडद्यावर तो कजाग घरमालक होऊन भाडेकरूंच्या घरात ठाण मांडून बसला होता. एका हाताने त्याने कप उचलला. तसा दुसरा हात, बोटं आत वळलेली, आपला आपणच छातीशी वर आला, जणू त्यालाही एक कप मिळाला होता. भाडेकरू एकमेकांना कोपरखळ्या मारू लागले. वहिनी पुन्हा हसली.

दादाचा डावा हात वर्षापूर्वी अर्धांगवायूने गेला होता. पण उजव्या हाताने काही उचललं की तो मेलेला हातही असाच वर यायचा. नटाने ते पहिल्याच आठवड्यात टिपलं. धंद्याची खोडच ती, दिसलं की उचलायचं. दादाचं अडखळत बोलणं तेवढं त्याने घेतलं नव्हतं, आणि तेवढ्यावर तो स्वतःला सभ्य समजत होता.

त्याने चोरून दादाकडे पाहिलं. दादा हसत नव्हता आणि रागावलेलाही दिसत नव्हता. अगदी मन लावून बघत होता. फक्त नेहमी चादरीवर पडलेला त्याचा डावा हात आज चादरीच्या आत होता.

नटाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारातून मागच्या मागे निघून जावं असं वाटलं, पण वहिनीने आधीच या म्हटलं होतं. तो नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसला. जाहिराती लागल्या.

"कसं सुचतं हो हे तुम्हाला?" वहिनीने विचारलं.

त्याने हात रिमोटकडे नेला.

"हात चुकला," दादा म्हणाला.

शब्द एकेक करून आले, पण स्वच्छ आले. वहिनी त्याच्याकडे बघू लागली.

"माझा डावा गेलाय. तू उजवा केलास." दादाने दम घेतला. "रोज समोर बसून बघायचास ना. समोरून उलटं दिसतं."

माणसाची लकब घ्यायची तर त्याच्या मागे उभं राहून घ्यायची, समोरून कधी नाही, हे रंगभूमीवरच्या पहिल्या वर्षातच नव्या पोरांना सांगतात. नटाने स्वतः कितीतरी पोरांना सांगितलं होतं. ही चूक आपल्या लक्षात कशी आली नाही, असं त्याच्या मनात आलं. आधी तेच आलं. भाऊ दुखावला असेल हे त्यानंतर. आपल्या मनाचा हा क्रम त्याला दिसला आणि त्याची मान खाली गेली.

वहिनीचं हसू केव्हाच गेलं होतं. तिने टीव्ही बंद केला आणि चहा टाकते म्हणून ती आत गेली. बराच वेळ भांड्याचा आवाज आला नाही.

"दादा," तो म्हणाला, "मी उद्या मालिकावाल्यांना सांगतो. हे मी यापुढे..."

"लोक हसतात?"

"हसतात."

"मग कर की." दादाने उजव्या हाताने खाटेवर, आपल्या अंगाला लागून, जागा थोपटली. "पण तिकडे नको बसू. इथे बस."

नट उठला आणि त्याच्या शेजारी बसला. खांद्याला खांदा लागला. आजारपण आल्यापासून तो असा दादाच्या शेजारी कधीच बसला नव्हता. समोरची खुर्ची रिकामी दिसत होती.

वहिनी चहा घेऊन आली. कुणाकडेही न बघता तिने दोघांपुढे कप ठेवले. दादाने उजव्या हाताने आपला कप उचलला. चादर हलली आणि आतून डावा हात सावकाश छातीशी वर आला. नटाने बघितलं नाही. बघायचं नाही असं त्याने पक्कं ठरवलं होतं. तो खाली, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिला. मांडीवरच्या त्याच्या डाव्या हाताची बोटं हळूहळू आत वळत होती.

दादा त्या बोटांकडे बघत होता.

"हां," तो म्हणाला. "आता जमलं."