तळ्यावरून वळसा

“बाबा, लेफ्ट की राइट?”

सिग्नलला गाडी उभी होती. स्टिअरिंगवर आन्या. लायसन्स नुकतंच हातात पडलेलं, त्यामुळे मान ताठ आणि दोन्ही हात जागच्या जागी. शेजारी तिचा बाप अनुप, उजव्या पायाने उगाच ब्रेक शोधत बसलेला.

उजवीकडे वळलं की आन्याच्या आईचं घर आलंच म्हणून समजा. डावीकडे वळलं तर टेक्सासमधलं हे प्लेनो शहर मागे पडतं, घोड्यांची कुरणं लागतात, मग तळं, आणि तळ्याला अख्खा वळसा घालून पुन्हा त्याच घरी यायचं. शहाणा माणूस डावीकडे वळणार नाही. अनुप मात्र दर रविवारी वळायचा. घटस्फोटानंतर शनिवार-रविवार लेक त्याच्याकडे असायची. रविवारी संध्याकाळी तिला हर्षिताकडे पोचवायचं, एवढंच ठरलं होतं. कुठल्या रस्त्याने, ते कोणी विचारलं नव्हतं. हर्षिताने दार उघडलं की हाच घाईघाईने सांगून टाकायचा, “ट्रॅफिक होता गं.” रविवारी संध्याकाळी, ट्रॅफिक! शेंबडं पोरही हसेल. हर्षिता मात्र “बरं” म्हणायची.

या वळशालाही कारण होतं. त्याच्या अपार्टमेंटमध्ये आन्या असून नसल्यासारखी. कानात हेडफोन, खोलीचं दार बंद, काही विचारलं तर “फाइन”. पण गाडीत बसून तळं लागलं की पोरीला वाचा फुटायची. मराठी शाळेत एका मुलीने आडनाव विचारलं आणि मग “म्हणजे तुम्ही नेमके कोण?” असं खोदून खोदून विचारलं, ते तिने घरात नाही, तिथे सांगितलं होतं. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या भाषणात मध्येच अडकले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले, तेही तिथेच. अनुप समोर बघत गाडी चालवायचा आणि हूं हूं करायचा. तेवढं त्याला आठवडाभर पुरायचं.

ते आज संपणार होतं. हर्षिताची जुनी गाडी आता आन्याला मिळाली होती. पुढच्या रविवारपासून ती स्वतः येणार, स्वतः जाणार.

“बाबा, लाइट चेंज होईल. टेल मी.”

“तुला काय वाटतं?” अनुपने विचारलं. मनात म्हणत होता, लेफ्ट म्हण, बाळा, एकदा लेफ्ट म्हण.

“ऑनेस्टली?” आन्या हसली. “माझी ड्रायव्हिंग टीचर आहे ना, मिसेस डॉसन, ती ओल्ड टेक्सन लेडी? तिला मी आपला हा रूट सांगितला. शी सेड, दॅट्स गोइंग अराउंड युअर एल्बो टू गेट टू युअर थम्ब.”

कोपराला वळसा घालून अंगठा गाठायचा! अनुपलाही हसू आलं. “आपल्याकडे त्याला द्राविडी प्राणायाम म्हणतात. नाक समोर आहे, तरी हात डोक्यामागून न्यायचा.”

“एक्झॅक्टली! बट व्हाय, बाबा?”

तुझ्यासाठी, एवढंच सांगायचं होतं. पण सांगितलं की ती बापाची कीव करून डावीकडे वळणार. तसली मेहेरबानी त्याला नको होती.

“लहान होतीस तेव्हा घोडे बघायचे असायचे तुला,” तो म्हणाला. “आता कशाला? होमवर्क असेल तुझा. राइट घे.”

“यू शुअर?”

“शुअर. घे राइट.”

आन्याने इंडिकेटर दिला, आरसा बघितला, खांद्यावरून मागे बघितलं आणि झकास वळण घेतलं. अनुपला अभिमान वाटला, तरी त्याने एकदा मान वळवून तळ्याच्या रस्त्याकडे बघितलं. रेडिओवरचं गाणं संपायच्या आत गाडी हर्षिताच्या ड्राइव्हवेत उभी राहिली. वाटेत आन्या एकदाच बोलली, “डिड आय ब्रेक टू हार्ड?”

बेल वाजवल्यावर हर्षिता हात पुसतच बाहेर आली. आधी तिने लेकीकडे बघितलं, मग अनुपकडे.

“काय झालं रे? सगळं ठीक ना?”

“ठीक आहे. पोचलो.”

“इतक्या लवकर? अरे, मी अजून कुकरसुद्धा लावला नाही.”

“आय ॲम स्टार्व्हिंग, मॉम!” असं ओरडत आन्या बॅग घेऊन आत पळाली. दारात दोघंच राहिली.

“रविवारी मी कुकर उशिराच लावते,” हर्षिता म्हणाली. “तुम्ही तळ्यावरून येता ना.”

अनुप तिच्याकडे बघतच राहिला. “तुला माहीत होतं?”

“तिचा फोन कुठे आहे ते दिसतं मला. पहिल्यापासून.”

“मग कधी बोलली नाहीस?”

“कशाला बोलू? तिथून आली की सोमवार-मंगळवार खूश असायची पोरगी.”

आतून फ्रिज उघडल्याचा आवाज आला. हर्षिताने हात पुन्हा पुसले. ते केव्हाच कोरडे झाले होते.

“पुढच्या रविवारपासून कुकर वेळेवर लावायला हवा आता,” ती म्हणाली.