दीड दिवसाची माती

माशांची टाकी पुन्हा भरली आणि पाणी पुन्हा ताकासारखं पांढरं झालं.

तळाला माती, तिच्यावर जाड वाळू, वाळूवर ताटली आणि त्या ताटलीवर मी पेल्यापेल्याने पाणी सोडलं होतं. तरी तेच! आधी पाणवनस्पती रुजायच्या, मग मासे. आणि रोपं तर तिकडे परातीत मलूल पडली होती.

"श्रीरंग, ही कसली मेली माती आणलीस?" मी नवऱ्यावर ओरडले आणि गढूळ पाण्याची बादली मोरीत रिकामी केली.

"आईच्या गॅलरीतून आणली. बादलीत होती. छान मऊ, एक खडा नाही."

खालच्या मजल्यावरून वर आलेल्या सासूबाई दारातच थबकल्या. "बादलीतली? अरे, ते आपले गणपती! शाडूची माती ती. जास्वंदीला घालायला ठेवली होती."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्या बादलीत मूर्तीचं विसर्जन ह्यानेच तर केलं होतं! आणि मी सकाळपासून मातीला शिव्या घालत बादल्याच्या बादल्या मोरीत ओतत होते.

"आत्ता उपसते सगळं," मी म्हणाले, "आणि जास्वंदीलाच घालते."

सासूबाई टाकीसमोर बसल्या. काचेवर तळवा ठेवून हळूच म्हणाल्या, "राहू दे गं दोन दिवस. दीड दिवसात माझं कधीच मन भरत नाही."

मी हातातला मग खाली ठेवला आणि रोपं तगण्यापुरतं परातीत ताजं पाणी भरायला श्रीरंगला पिटाळलं.